गोळी बदलण्याआधी आम्हालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्हीवर रोजच्या गोळीऐवजी दर 2 महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनांविषयी आपल्या अंकात वाचलं. अमेरिकेत 2022 पासून ती दर 2 महिन्यांनी देतात. 'रुग्णांची गोळ्यांतून सुटका' असं त्यात म्हटलं होतं, म्हणून एका रुग्णानेच चार ओळी लिहाव्यात असं वाटलं. मी तासगाव तालुक्यात द्राक्षबागांत मजुरीला जाते आणि 2008 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, घेते.

आमच्या पहिल्या औषधाने जीव वाचवला, पण गावात चहाडीही केली. त्यात स्टॅव्ह्युडीन असायचं. त्याने गालफडं बसली, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, तळपायांना सतत मुंग्या. माझा सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, 112 वरून 300 च्या पुढे गेला तेव्हा डॉक्टर खूश होते; आठवडी बाजारात बायका मात्र माझ्या तोंडाकडे बघून कुजबुजत होत्या. औषध मिळतं त्या एआरटी केंद्रावर येणाऱ्या आम्ही बायका एसटी स्टँडवर एकमेकींना लांबूनच ओळखायचो, इतके आमचे चेहरे सारखे झाले होते. पुढे इफाविरेंझची गोळी आली. ती झोपताना घ्यायची, मग रात्रभर नाही नाही ती स्वप्नं आणि सकाळी डोकं गरगरायचं. विरळणीला दिवसभर मान वर करून घडातले मणी काढावे लागतात. त्या गरगरण्यात ते काम कसं होत असेल, हे मला कुणी विचारलं नाही.

2021 मध्ये डॉल्युटेग्राविरची गोळी सुरू झाली आणि हा त्रास संपला. वजन थोडं वाढलं. एखादीला ते नको वाटेल. मला माझे गाल परत मिळाले, याचं सुख कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठं होतं.

आता त्रास गोळीचा नाही, डबीचा आहे. प्लास्टिकची डबी पिशवीत खुळखुळते. ओल लागू नये म्हणून गोळ्या त्याच डबीत ठेवा, असं सांगतात. मी लेबल सोलून काढते आणि आत कापूस कोंबते. घरात फक्त सासूबाईंना माहीत आहे, जाऊबाईंना नाही. एसटीत आमच्यासाठी प्रवास सवलत आहे, पण त्यासाठी भरल्या गाडीत कंडक्टरपुढे कार्ड काढायचं. मी तिकीट काढते.

लॉकडाऊनमध्ये 3 महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या, तेव्हा खरी सुटका वाटली होती. गेल्या वर्षी मात्र साठा कमी म्हणून दोनदा एकाच महिन्याच्या हातात पडल्या. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते आणि टोळीतल्या बायकांना नवं कारण सांगावं लागतं. आता हिशोब करा : 3 महिन्यांच्या गोळ्या म्हणजे वर्षाला 4 खेपा, 2 महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे 6. ते घरी घेता येत नाही. केंद्रात जाऊन नर्सकडून कमरेत दोन सुया टोचून घ्यायच्या. त्यातलं एक औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडे वीज किती वेळ असते, हे मी सांगायला नको.

तरीही ते नकोच, असं मी म्हणत नाही. आमच्या केंद्रात जन्मापासून बाधित असलेला एक मुलगा येतो. सांगलीत होस्टेलवर एका खोलीत चौघं राहतात, गोळी तो संडासात जाऊन घेतो. त्याला इंजेक्शन म्हणजे मोठी सुटका वाटेल. ओळखीतल्या एका तरुण जोडप्याला गोळी कोणतीही चालते, त्यांना व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट वेळेवर हवा असतो. विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. त्यांचा सगळा संसार त्या कागदावर उभा आहे.

2018 मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही कायद्याने आमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. पण केंद्राच्या दारात उभं राहून नावं पुकारली जातात, तेव्हा तो हक्क व्हरांड्यातच संपतो. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना 6 महिन्यांच्या गोळ्या द्या, महिन्यातून एक रविवार केंद्र उघडं ठेवा, नावाऐवजी टोकन नंबर पुकारा. आणि नवं औषध आणताना तासगाव, जत, आटपाडीच्या चार रुग्णांना समोर बसवून विचारा.

माझी पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये, ऐन छाटणीत आली आहे. ती बदलून मिळेल का, हे विचारायलाही केंद्रातच जावं लागणार आहे.

आपली वाचक,
तासगाव तालुका, जि. सांगली
(कृपया नाव व गाव छापू नये.)