टेक्सासचा इतिहास जमिनीच्या दप्तरातून वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील टेक्सासवरचा लेख वाचला. अलामोची लढाई त्यात चांगली उतरली आहे. मात्र १७१८ ते १८३६ ही जवळपास १२० वर्षे एका परिच्छेदात उरकली आहेत, आणि स्पेन-मेक्सिकोच्या अमलात तो ‘ओसाड, कायदा नसलेला मुलूख’ होता असे चित्र उभे राहते. ते बरोबर नाही. त्या मुलखात माणसे थोडी होती, पण मोजणी, सनदा, पाणीवाटप आणि दप्तर यांची पक्की घडी बसलेली होती. टेक्सासचा मेक्सिकोविरुद्धचा १८३५-३६चा उठाव समजून घ्यायचा तर हे कागद टाळता येत नाहीत.

सॅन अँटोनिओपासून सुरुवात करू. मे १७१८ मध्ये गव्हर्नर मार्तिन दे आलार्कोन यांनी तिथे मिशन, म्हणजे कॅथलिक धर्मप्रचारकांची वसाहत, आणि लष्करी ठाणे वसवले. तेच मिशन पुढे अलामो म्हणून ओळखले गेले. मार्च १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून पन्नासहून थोडी अधिक माणसे आली आणि टेक्सासमधली पहिली नागरी नगरपालिका उभी राहिली. त्याच वर्षी पूर्व टेक्सासातली तीन मिशने उठवून सॅन अँटोनिओ नदीकाठी आणली. आता एका लहान नदीवर पाच मिशने, एक ठाणे आणि एक गाव अवलंबून होते. तिथली पहिली भांडणे पाण्यावरून आणि पिकात शिरणाऱ्या गुरांवरून झाली, यात नवल नाही.

पाण्याची व्यवस्था साधी होती, पण नेमकी. पात्रात ठेंगणा बंधारा घालून पाणी फक्त पाटात चढेल इतके उचलायचे. तिथून जमिनीचा उतार धरून मुख्य पाट न्यायचा. पाट आणि नदी यांच्यामधली जमीन भिजे, पाटाच्या वरच्या अंगाची कोरडी राही. उतार कमी पडला की गाळ बसे, जास्त झाला की काठ खचत, म्हणून पाटाची रेषा आखणे हेच खरे कसबाचे काम. वाटेत ओढा आडवा आला तर पाणी त्याच्यावरून न्यावे लागे. एस्पादा मिशनच्या पाटासाठी १७४०च्या दशकात दोन कमानींचा दगडी जलसेतू बांधला तो याचसाठी, आणि त्यातून आजही पाणी वाहते. गावातली बागायती शेते चिठ्ठ्या टाकून वाटली जात. पाण्याची पाळी दिवसांत आणि तासांत मोजली जाई, आणि जमीन न विकता नुसती पाळी विकता येई. पाट उपसायचे काम पाणी घेणाऱ्यांच्याच अंगावर असे. पांझरा-मोसम काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीकाठी मोजणीची तऱ्हा निराळी. होसे दे एस्कांदोन यांनी १७४८ नंतर नुएवो सांतांदेर प्रांत वसवला. लारेडो हे गाव १७५५चे. १७६७ मध्ये सरकारी आयोगाने तिथल्या जमिनी वाटल्या, त्या लांब पट्ट्यांत. नदीवर तोंड सुमारे एक किलोमीटर, आणि आत १८ ते २५ किलोमीटर खोली. जनावरांना पाणी मिळाले नाही तर कोरड्या मुलखात चराईची जमीन कवडीमोल, म्हणून प्रत्येक कुटुंबाला नदीचा थोडा तरी काठ मिळालाच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. ताबा देताना अधिकारी धारकाचा हात धरून त्याला जमिनीवर फिरवी. धारक गवत उपटी, माती उकरी, दगड फेकी, खुंट ठोकी. साक्षीदारांसमोर हे झाले आणि कागदावर चढले की ताबा पुरा.

मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला. टेक्सास तेव्हा कोआविला-टेक्सास या मेक्सिकोच्या जोडराज्यात होता. पुढची कहाणी त्या राज्याच्या २४ मार्च १८२५च्या वसाहत कायद्यात आहे, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. मोजमापाचे एकक वारा, म्हणजे टेक्सासच्या मापाने ३३⅓ इंच. ५,००० वारा लांब आणि तितकीच रुंद जमीन म्हणजे एक लीग, सुमारे ४,४२८ एकर. १,००० वारा बाजूचा चौरस म्हणजे एक लाबोर, सुमारे १७७ एकर. गुरे पाळणाऱ्या कुटुंबाला एक लीग, शेती करणाऱ्याला एक लाबोर. एकट्या पुरुषाला पाव हिस्सा, लग्न झाले की उरलेले. राज्याची रक्कम लीगला ३० पेसो, कोरडवाहू लाबोरला अडीच, बागायतीला साडेतीन, आणि तीही चौथ्या, पाचव्या, सहाव्या वर्षाअखेर हप्त्यांनी. शेजारच्या अमेरिकेत तेव्हा सरकारी जमीन एकराला सव्वा डॉलर, किमान ८० एकर, तेही रोख. त्या दराने एका लीगचे साडेपाच हजार डॉलर झाले असते. लुइझियाना-मिसूरीकडचे लोक टेक्सासकडे का लोटले, याचे मोठे उत्तर या दोन आकड्यांतच आहे.

जमीन मिळवण्याची वाटही ठरलेली. वसाहतीचा ठेकेदार दाखला देई. ऑस्टिन, डेविट, दे लेओन हे असे ठेकेदार. १०० कुटुंबे बसवली की ठेकेदाराला स्वतःसाठी पाच लीग आणि पाच लाबोर मिळत. वसाहतवाल्याने निष्ठेची शपथ घेऊन मुद्रांकित कागदावर अर्ज करायचा. सरकारी आयुक्त तो मोजणीदाराकडे पाठवी, मोजणीदार चतुःसीमा लिहून देई, मग सनद स्पॅनिशमध्ये तयार होई. मूळ प्रत दप्तरात, सहीशिक्क्याची नक्कल धारकाच्या हाती. सहा वर्षांत जमीन वहिवाटीला आणली नाही तर हक्क जाई.

बिघडे ते मोजणीत. सुरुवातीचा कोपरा बहुधा नदीच्या काठावर, खूण म्हणून झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने कोरलेली अक्षरे. नदी पात्र बदली, झाड वठे. चढउतारावर साखळी सैल पडली की लांबी चुके, होकायंत्राचा चुंबकीय फरक टिपला नाही की दिशा चुके. परिणामी कुठे दोन सनदा एकमेकींवर चढल्या, कुठे दोहोंमध्ये बेवारस पट्टी उरली. म्हणूनच टेक्सासच्या न्यायालयांनी क्रम ठरवला: आधी नदी-ओढ्यासारखी नैसर्गिक खूण, मग माणसाने केलेली खूण, मग दिशा, आणि सर्वांत शेवटी अंतर. सनदेत लिहिलेल्या क्षेत्रावर डोळे झाकून भरवसा ठेवणाऱ्याने हा क्रम आधी पाहावा.

कायद्यातून पळवाटाही निघाल्या. मेक्सिकन नागरिकाला ११ लीगपर्यंत जमीन विकत घेता येई, चराईची लीगला १०० पेसोंनी. जेम्स बोवीसारख्या जमिनीच्या सट्टेबाजांनी मेक्सिकन नागरिकांना अर्ज करायला लावून त्या जमिनी त्यांच्याकडून स्वतः उचलल्या. १८३५ मध्ये राज्य विधिमंडळाने ४०० लीग विकायचा कायदा केला, तेव्हा वसाहतवालेही खवळले. टेक्सासच्या १८३६च्या घटनेने तो व्यवहार नाव घेऊन रद्द केला.

आणि गुलामगिरी. लेखात ती एका वाक्यात येते, माझ्या मते तिथेच लेख कमी पडतो. कोआविला-टेक्सास राज्याच्या १८२७च्या घटनेने नवजात मुले मुक्त ठरवली आणि सहा महिन्यांनंतर गुलाम आणायला बंदी केली. त्यावर तोड म्हणून १८२८ मध्ये परदेशात केलेले मजुरीचे करार मान्य झाले. मालक गुलामाला सरहद्दीपलीकडेच करारावर निशाणी करायला लावत. स्वतःची किंमत कर्ज म्हणून त्याच्या डोक्यावर, आणि मजुरी इतकी तुटपुंजी की ते जन्मात फिटू नये. मेक्सिकोचे जनरल मिएर इ तेरान यांच्या पाहणीनंतर मेक्सिकोच्या ६ एप्रिल १८३०च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्या वसाहतीवर बंदी घातली आणि नवे गुलाम आणायला पुन्हा मनाई केली. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सान्ता आना याने संघराज्याची घटना मोडली हे खरे आणि उठावाचे ते मोठे कारणही खरे. पण टेक्सासच्या १८३६च्या घटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले, आणि टेक्सासच्या काँग्रेसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या, परवानगीशिवाय मुक्त काळ्या माणसाला राहायलाही मज्जाव केला. त्याच घटनेने कुटुंबप्रमुखाला जमीन देऊ केली ती ‘एक लीग आणि एक लाबोर’, म्हणजे मेक्सिकोच्याच मापाने. आफ्रिकन वंशाचे लोक आणि मूळ रहिवासी यांना त्यातून वगळले. कोमांची आणि लिपान अपाची लोकांच्या मुलखातून रेषा ओढताना तर कोणत्याच राजवटीने त्यांची संमती घेतली नाही.

लेखात १८३६ नंतर ‘जुना कायदा संपला’ असे म्हटले आहे, तीही चूक. टेक्सासने १८४० मध्ये इंग्रजी कायदा स्वीकारला, पण पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचा स्पॅनिश नियम ठेवला. जुन्या सनदाही चालू राहिल्या. रिओ ग्रांदेकाठच्या सनदा तपासायला १८५० मध्ये आयोग नेमला गेला. त्याचा एक सदस्य मूळ कागदांची पेटी घेऊन परतत असताना ‘ॲन्सन’ ही आगबोट बुडाली आणि कागद गेले. धारकांना पुन्हा पुरावे गोळा करावे लागले. पाण्याचा वाद तर १९६०च्या दशकापर्यंत चालला. स्पॅनिश सनदेने नदीकाठची जमीन मिळाली म्हणजे सिंचनाचा हक्क आपोआप मिळत नाही, तो सनदेत स्पष्ट दिलेला असावा लागतो, असा निकाल व्हॅलमाँट प्लँटेशन्स खटल्यात लागला आणि १९६२ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

लेखमालेचा पुढचा भाग यायचा आहे. त्यात १८२५ आणि १८३० या दोन कायद्यांची कलमे थोडक्यात द्यावीत आणि ठेकेदारांच्या वसाहतींचा नकाशा छापावा, ही विनंती. स्पेन व मेक्सिकोच्या काळातल्या सनदा ऑस्टिन शहरातील राज्याच्या जमीन कार्यालयात जतन केलेल्या आहेत, तेव्हा लेखकांना आधार शोधायला अडचण पडणार नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
नाशिक