विमानविद्येचा नियम क्रमांक सात

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात आमच्या गावातल्या शाळेच्या विमानविद्या वर्गाचं अर्धा पान कौतुक वाचलं. फोटो झकास. नववीच्या लेकरांच्या खांद्यावर चार-चार पट्ट्या! व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यालाच २०० तासांचं उड्डाण लागतं आणि चौथी पट्टी मिळते ती कॅप्टन झाल्यावर. इथं गणवेशाचे पैसे भरले की मिळते. असो. लेकरं हरखली असतील तर त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती 'वायुदलाला शोभेल अशी शिस्त' या आपल्या चौकटीबद्दल. त्या शिस्तीचा हिरवा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. अकरा नियम, खाली पालकाची सही. सही माझीच, कारण मुलगा-सून पुण्याला. बूट, नखं, मोबाइल, सगळं ठीक. सातवा नियम असा: 'शिक्षक शिकवत असताना चूक काढू नये, वाद घालू नये.' सही करताना तो मी वाचलाच नाही. चष्मा डोळ्यांवरच होता.

गेल्या बुधवारी नातू दोन तास वऱ्हांड्यात उभा होता. सरांनी फळ्यावर पंखाचा छेद काढला, वरची बाजू फुगीर, खालची सपाट, आणि सांगितलं की वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून ती पळत सुटते आणि मागच्या टोकाला खालच्या हवेला बरोबर गाठते. नातवानं हात वर केला. "सर, गाठायलाच पाहिजे असं हवेला कुणी सांगितलं? मग वायुदलाचे सूर्यकिरणवाले कसरतीत विमान उलटं उडवतात ते कसं?" वर्ग हसला. वर्ग हसला म्हणून सरांचा पारा चढला.

लेकराचं बरोबर होतं. धुराच्या रेघा सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधीच निघून गेलेली दिसते, कुणाची वाट बघत नाही. पंख हवा खाली वळवतो म्हणून हवा पंखाला वर उचलते. उलटं विमानसुद्धा नाक जरा वर ठेवून तेच करतं. मी स्वतः सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि फळ्यावर तीच चुकीची गोष्ट सांगितली. कुणी टोकलं नाही. टोकलं असतं तर मीही वऱ्हांडाच दाखवला असता, कबूल. पण माझ्या वर्गातून कुणी विमान चालवायला निघालं नव्हतं.

शाळेत गेलो. तिथल्या मंडळींनी चहा पाजला, कागद पुढं केला आणि म्हणाले, "गुरुजी, सही तुमचीच आहे ना?"

१९९३ ला औरंगाबादच्या चिकलठाण्याहून निघालेलं विमान कापसाच्या ट्रकला धडकलं, ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या अपघाताचं फारसं ठाऊक नसावं. २७ मार्च १९७७, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. एक उडायला धावत सुटलं. समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही की काय, अशी शंका त्यातल्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. कॅप्टन ज्येष्ठ, नावाजलेला. त्यानं ती उडवून लावली. विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. त्यानंतर हाताखालच्या माणसानं कॅप्टनला कसं टोकायचं आणि कॅप्टननं ते कसं ऐकून घ्यायचं, याचं रीतसर प्रशिक्षण विमान कंपन्यांनी सुरू केलं. ज्या विद्येत हे पैसे मोजून शिकवतात, तिच्या पहिल्याच वर्गात आमची शाळा नेमकं उलटं लिहून त्यावर आजोबांची सही घेते. वायुदलाला शोभेल म्हणे!

आपल्या प्रतिनिधीनं वर्गात बसून एखादा तास ऐकला असता, तर बातमी अर्ध्या पानाची झाली नसती. पट्ट्या मोजून आले, एवढंच.

जाता जाता: गेल्या महिन्यातलं माझं नळाच्या पाण्याचं पत्र आपण निम्मं कापलंत आणि खाली गाव 'अंबरनाथ' छापलंत. अंबाजोगाई आणि अंबरनाथमध्ये अख्खा घाट आहे. तिथल्या नळाला पाणी येत असेल, आमच्या येत नाही.

एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
अंबाजोगाई (जि. बीड)