जुन्या मोटारीच्या दिव्यांसाठी सराफ्यातील चाचांना आभारपत्र

आदरणीय चाचा,
सादर आदाब.

आजोबांच्या मॉरिस एट मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे आपण ज्या निगुतीने पुन्हा उजळून दिलेत, त्याबद्दल मी दुकानात आभार मानले तेव्हा आपण ते हसून बाजूला सारलेत. म्हणून हे जाहीर पत्र. मराठवाड्यात अजूनही काही वाड्यांच्या आवारात आणि शेतातल्या शेडमध्ये जुन्या गाड्या उभ्या आहेत, आणि आपण मला जे सांगितलेत ते त्यांच्या मालकांपर्यंतही पोहोचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१९३५ ते १९४८ या काळात तयार झालेल्या या गाडीच्या दिव्यातील रिफ्लेक्टर म्हणजे पितळेच्या पत्र्याची खोलगट वाटी असून तिच्या आतल्या बाजूस चांदीचा मुलामा असतो. बल्बची तार त्या वाटीच्या नाभीवर असली, म्हणजे मागे गेलेला प्रकाश समांतर झोत होऊन रस्त्यावर पडतो. हवेतील गंधकाने चांदी काळवंडली, की बल्ब कितीही चांगला असला तरी झोत मंद पडतो. आमच्या दिव्यांचे नेमके हेच झाले होते, आणि जो तो एकच सल्ला देत होता : क्रोम करून घ्या.

आपण तो सल्ला तिथल्या तिथे खोडून काढलात. क्रोम डोळ्यांना चकचकीत दिसते, परंतु पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ६५ टक्केच परत फेकते. स्वच्छ चांदी मात्र ९५ टक्क्यांच्या आसपास परत देते. बंपरला शोभणारा मुलामा दिव्याच्या पोटात घालू नये, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत समजावलेत की मला पुढे काही विचारावेच लागले नाही.

सर्वांत मोठे ऋण मात्र आपण जे काम घेतले नाहीत त्याचे आहे. दोन्ही वाट्या उजेडात फिरवून पाहिल्यावर आपण सांगितलेत, की उजवीच्या तळाशी पाणी साचून पितळ उघडे पडले आहे, तेव्हा तिला नवा मुलामा द्यावाच लागेल. डावीची चांदी मात्र शाबूत आहे, ती फक्त काळी पडली आहे. नव्या मुलाम्यासाठी जुनी चांदी उतरवून पितळ घासावे लागते, प्रत्येक घासणीत पत्रा झिजतो आणि वाटीचा मूळ आकार बिघडण्याची भीती असते. दोन्हींचे पैसे मी आनंदाने दिले असते, हे आपणांस ठाऊक होते. तरीही आपण डावी वाटी माझ्या हाती परत ठेवून म्हणालात, “जितना घिसोगे, उतनी चांदी जाएगी.” कारागिराच्या सचोटीची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

आपण सांगितल्याप्रमाणे ती वाटी मी घरीच साफ केली. आधी मऊ ब्रशने धूळ झाडली, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे थेंब टाकून न घासता धुतली. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून खाण्याच्या सोड्याचे गरम पाणी ओतले. या क्रियेत गंधक चांदीला सोडून जाते आणि चांदी मात्र जागेवरच राहते, म्हणून पॉलिशपेक्षा हा उपाय कितीतरी दयाळू आहे. उरलेला फिकट डाग स्पिरिटमध्ये कालवलेल्या अगदी बारीक खडूच्या भुकटीने, कापसाच्या बोळ्याने, मध्यापासून काठाकडे सरळ पुसला. गोल फिरवून पुसल्यास पडणारे ओरखडे प्रकाश विखुरतात, ही आपली ताकीद मी शेवटपर्यंत पाळली.

वरून वार्निश मारू नका, बल्बच्या उष्णतेने ते पिवळे पडते, हेही आपणच सांगितलेत. त्याऐवजी काचेभोवतीची गॅस्केट बदलावी आणि ती रबराची नव्हे, कॉर्कची घ्यावी. कारण रबरातच गंधक असते आणि बंद दिव्यात ते चांदीला काळे करत राहते. इतकी वर्षे रोगाचे मूळ दिव्याच्या आतच होते, हे आधी कुणाच्याही लक्षात आले नव्हते.

माझ्या मित्राने आणलेला नंतरच्या काळातील एका गाडीचा रिफ्लेक्टर आपण हातही न लावता परत केलात, तो प्रसंगही इथे नोंदवतो. त्यावर चांदी नसून ॲल्युमिनियमचा थर होता, आणि तो मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतका पातळ असू शकतो. असा थर फडक्यानेही निघून जातो. त्यावर हवेचा हलका फुंकर मारावा, फार तर पाण्याने धुवावे आणि तेथेच थांबावे. आपली वाटी चांदीची की ॲल्युमिनियमची, हे ओळखल्याशिवाय कुणीही पॉलिशचा डबा उघडू नये, अशी माझीही आता सर्वांना कळकळीची विनंती आहे.

उजव्या वाटीवरील आपला मुलामा उत्तम टिकून आहे आणि दोन्ही झोत सारख्या अंतरावर पडतात. घरातील जुनी जादा वाटी ॲसिडमुक्त कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुडीसह ठेवली आहे. तिच्या काठाजवळ हिरवट डाग दिसतो. पावसाळ्यापूर्वी ती आपणांस दाखवायला घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
मॉरिस एटचा सध्याचा राखणदार, जालना