थर्मोस्टॅट आणि वहिनींची बाजू

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. वहिनी रात्री थर्मोस्टॅटवर घराचं तापमान उतरवतात आणि सकाळी घर तापवणारी गॅसची फर्नेस तासभर धडधडते, मग वाचलं काय, असं तू विचारलंस. मी वहिनींच्या बाजूने.

आमच्याकडे हाच वाद गीझरवरून. बाबांचं म्हणणं, सारखा चालू-बंद करण्यापेक्षा चालूच राहू दे. पंधरा लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण युनिटभर वीज जाते, ती जाणारच. पण दुपारी कुणी नळाला हातही लावलेला नसताना त्याचा तांबडा दिवा आपसूक लागतो, ती वीज कशाची? टाकीतून निसटलेल्या उष्णतेची भरपाई. टाकी जितकी गरम, तितकी गळती जास्त. हे बाबांना पटवून झालं, दिवा अजून लागतोच.

तुझ्या घराचंही तेच. गळती ठरते आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर. शिकागोत बाहेर उणे १०, आत २०, म्हणजे फरक ३० चा. रात्री घर १६ वर आलं की २६. त्या वेळात गळती १३ टक्क्यांनी कमी. आठ तास धरलेस तर दिवसाच्या हिशेबात चारेक टक्के. घर निवायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून थोडं कमीच. घर निवत असताना फर्नेस गप्प होती, त्याचीच भरपाई ती सकाळी करते. तेवढ्यात कमी झालेली गळती मात्र तुझ्या खिशात राहते. गंमत म्हणजे बाहेर शून्य असेल तर हीच बचत साडेसहा टक्के दिसते. उष्णता तेवढीच वाचते, एकूण खर्च कमी म्हणून टक्का फुगतो. अमेरिकेचं ऊर्जा खातं तर सांगतं, रोज आठ तास ७ ते १० फॅरनहाइटने (आपले चार ते साडेपाच अंश) उतरवा, वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाचेल.

तुमची लाकडी घरं लवकर निवतात, म्हणून फायदाही लवकर सुरू होतो. आमच्या वाड्याच्या दगडी भिंतींना निवायलाही वेळ आणि तापायलाही. इथे पहाटे पारा चार-पाचवर जातो, तेव्हा थर्मोस्टॅट कसला, दोन रजया!

नव्या घरात मात्र जपून. तिथे हीट पंप आहे म्हणालास. तो एका युनिटात दोन-तीन युनिटांची उष्णता आत आणतो. पण सकाळी एकदम चार अंश वर मागितलेस, तर मदतीला विजेची कॉइल पेटते, आणि ती एकाला एकच देते. रात्रीची बचत तिथेच जिरते. तिथे एखाद-दोन अंशच उतरव, किंवा पहाटेपासून हळूहळू चढव. आणि कुठलंही घर असो, ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ अंशांच्या खाली नको. पाइप गोठून फुटला तर प्लंबरचं बिल गॅसच्या बिलाला लाजवेल.

फेब्रुवारीचं बिल आलं की त्यावरचे थर्म (गॅस मोजायचं एकक) आणि महिन्याचं सरासरी तापमान कळव, गेल्या वर्षीशी ताडून बघू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गजक कुणाबरोबर पाठवू तेही सांग.

तुझा,
मोहन