जुन्या कन्सोलवरचा नवा गेम म्हणजे चोरी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला जुन्या गेमिंग कन्सोलवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण त्यातल्या एका वाक्याला माझा आक्षेप आहे. या यंत्रांवर आज जे चालतं ते एकतर आठवणींपोटी, नाहीतर चोरीचं, असं लेखक म्हणतात. मी मुद्रितशोधक आहे, त्यामुळे अशा सरसकट वाक्याखाली लाल रेघ ओढल्याशिवाय मला राहवत नाही. शिवाय नुकताच मी गेमबॉयसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरायच्या जुन्या कन्सोलसाठी, माझा पहिला गेम पुरा केला आहे, आणि त्यातली चित्रं, आवाज, नियम सगळं माझं आहे.

यालाच होमब्रू म्हणतात: परवानाधारक कंपनीत नसलेल्या माणसाने हौसेने लिहिलेला नवा गेम. दुसऱ्याच्या गेमची फाइल वाटणं हा वेगळा प्रकार झाला. अमेरिकेत १९९२ साली सेगा (कन्सोल बनवणारी कंपनी) विरुद्ध अकोलेड (गेम बनवणारी कंपनी) खटल्यात अपील न्यायालयाने, यंत्राशी जुळणारा गेम लिहिण्यासाठी दुसरा मार्ग नसेल तर कंपनीचा कोड उलगडून अभ्यासणं हा योग्य वापर, म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे, असं ठरवलं होतं. तेव्हा लेखकाने दोन गोष्टींची मोट बांधायला नको होती.

आता 'आठवणींपोटी' याबद्दल. लहानपणी माझ्या हातात कन्सोल कधी आलाच नाही, त्यामुळे तो मुद्दा माझ्यापुरता निकालात निघतो. मला या यंत्राकडे ओढलं ते त्याच्या तुटपुंजेपणाने. गेमबॉय १९८९चा. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चार, कामाची मेमरी ८ किलोबाइट आणि चित्रांची तेवढीच. सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींतून, म्हणजे टाइलमधून उभं करायचं. एका टाइलला १६ बाइट लागतात. एवढं यंत्र माझ्यासारखीच्या डोक्यात अख्खं मावतं. हातातल्या फोनबद्दल असं कोण म्हणू शकेल?

माझ्या गेमचं नाव 'जुळारी'. वरून अक्षरं पडतात, खालच्या पट्टीत ती योग्य क्रमाने झेलून शब्द जुळवायचा. कल्पना साधी, पण देवनागरीने घाम काढला. रोमन अक्षर एका टाइलमध्ये सुखाने बसतं. आपलं ८ बाय ८मध्ये कोंबलं की 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, 'भ' आणि 'म' तर जुळे भाऊ. जिचं पोट या फरकांवर चालतं तिला हे कसं खपावं! म्हणून अक्षराला १६ बाय १६ची जागा दिली, म्हणजे चार टाइल. त्यात 'ध' आणि 'भ'वरची तुटलेली शिरोरेघ दाखवता आली. वेलांटीला वर जागा उरली नाही, म्हणून पहिल्या टप्प्यात 'कमळ', 'गवत', 'पदर' असे बिनवेलांटीचे शब्द घेतले. काना मात्र शेजारच्या अर्ध्या जागेत गुण्यागोविंदाने राहिला. जोडाक्षरांना हात लावलेला नाही.

पुढची अडचण स्प्राइटची. हलणाऱ्या चित्राच्या एका तुकड्याला स्प्राइट म्हणतात. तो जास्तीत जास्त ८ रुंद आणि १६ उंच असतो. एकूण ४०, पण पडद्याच्या एका आडव्या रेघेवर दहाच दिसतात, अकरावा गायब. एका अक्षराला दोन आणि माझ्या पट्टीला चार, म्हणजे पट्टीच्या उंचीवर तीनच अक्षरं येऊ शकतात. मग ती एकाच वेळी पडू नयेत, मागेपुढे पडावीत, असा नियमच करून टाकला. गंमत म्हणजे गेमला लय आली ती यानेच.

गुण दाखवण्याची तऱ्हाही मजेशीर. या प्रोसेसरला भागाकाराची आज्ञा नाही, त्यामुळे १२७चे एक, दोन, सात सुटे करणं महाग पडतं. मात्र बेरीज दशमान पद्धतीत सावरून देणारी एक आज्ञा आहे. तिने प्रत्येक आकडा आधीच सुटा राहतो आणि सरळ त्याची टाइल ठेवता येते. तीही कधी ठेवायची याला बंधन आहे: पडद्यावर रेघ उमटत असताना चित्रांच्या मेमरीत लिहिलेलं वाया जातं. पूर्ण चित्र झालं की पुढचं सुरू होण्याआधी सुमारे १.१ मिलिसेकंदाची उसंत मिळते, त्यात उरकायचं. सेकंदाला असं जवळपास ६० वेळा.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी: कोड नको असेल तर जीबी स्टुडिओ, सी भाषा येत असेल तर जीबीडीके; गेम बनवायची ही दोन्ही साधनं फुकट आहेत. इम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चाललं तरी फ्लॅश कार्ट्रिजवर (आपला गेम भरता येणाऱ्या कार्ट्रिजवर) घालून खऱ्या यंत्रावर एकदा तपासाच. बरेच इम्युलेटर मेमरी सुरुवातीला कोरी धरतात, खऱ्या यंत्रात तिथे काहीबाही भरलेलं असतं. आणि पहिलाच गेम म्हणून भलंमोठं साहसकथानक हाती घेऊ नका. एका पडद्यात संपेल असं काहीतरी घ्या.

त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती. 'जुळारी' ३२ किलोबाइटमध्ये मावला आहे. लेखकांना हवा असल्यास पाठवते. शब्दांत काही अशुद्ध सापडलं तर जरूर कळवावं.

आपली,
एक मुद्रितशोधक