बाबांचा कॉम्प्युटर विकण्याआधी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जाहिरात टाकतो, कुणीतरी येऊन घेऊन जाईल." मागून आईचा आवाज आला, "अनोळखी माणूस घरात नको." फोनवर समजावायला लागले की तुम्ही "हो हो" म्हणून विषय संपवता, म्हणून हे लिहिते आहे. वाद घालायचाच असेल तर पत्र दोनदा वाचून मग घाला.

या बाबतीत मी आईच्या बाजूने आहे. आधी ओळखीत विचारा. भाव थोडा कमी येईल, पण पैसे बुडायची भीती नाही. फक्त "आहे तसा देतोय" हे आधीच सांगा, नाहीतर दर महिन्याला 'चालत नाहीये' म्हणून फोन तुम्हालाच. ओळखीत कुणी नसेल तर जुने कॉम्प्युटर घेऊन दुरुस्त करून विकणारे असतात. ते त्यांचा नफा ठेवूनच भाव करणार, पण व्यवहार एका दिवसात उरकतो आणि पावती मिळते. घासाघीस मात्र होईल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणं थांबवलं आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरच्या आतली सुरक्षेची सोय) लागतं. तुमच्या विंडोज १० च्या मशीनमध्ये ते नाही. घेणारा हे बोलून दाखवणारच, वाईट वाटून घेऊ नका.

ईबेसारख्या ऑनलाइन बाजारात गिऱ्हाईक पुष्कळ, पण डेस्कटॉप कुरिअरने पाठवायचा म्हणजे कटकट. प्रोसेसर थंड ठेवणारा आतला कूलर जड असतो, ग्राफिक्स कार्ड धक्क्याने खाचेतून निसटतं, आणि "पोचला तेव्हा बंद होता" असं कुणी म्हटलं तर तिथली मनी बॅक गॅरंटी घेणाऱ्यासाठी असते, आपल्यासाठी नव्हे.

राहिलं फेसबुक मार्केटप्लेस. लॉबीत, वाचनालयात भेटा असं सगळे सांगतात, पण लॅपटॉप पिशवीतून नेता येतो; तुमच्या डब्याला मॉनिटर, कीबोर्ड आणि भिंतीतला प्लग लागतो. तरीही प्लग असलेली, माणसांची वर्दळ असलेली जागाच शोधा. जाहिरातीत घराचा पत्ता नको, आणि फोटोत मागची खिडकी किंवा कपाट दिसू देऊ नका. कॉम्प्युटरवर चिकटवलेला सीरियल नंबर फोटोत झाकायचा, वहीत मात्र लिहून ठेवायचा.

पैशांच्या बाबतीत मी स्वतः एकदा फसता फसता वाचले आहे, तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. जुना मॉनिटर विकत होते. समोरच्याने न बघताच "पक्कं" म्हटलं, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि म्हणाला, "चुकून जास्त गेले, वरचे परत करा." खात्यात एक पैसाही आलेला नव्हता. तेव्हापासून स्क्रीनशॉट म्हणजे माझ्या लेखी नुसतं चित्र. पैसे आलेत की नाही हे आपल्या खात्यात उघडून पाहायचं. आणि आई, पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, फोनवर आलेला कोड कुणाला वाचून दाखवावा लागत नाही. असं कुणी मागितलं तर फोन ठेवून दे, उद्धटपणा वाटला तरी.

आता खरी धास्ती. बाबा, तुमचे बँकेचे कागद, आयकराच्या फायली आणि ब्राउझरमध्ये 'लक्षात ठेव' म्हणून ठेवलेले सगळे पासवर्ड त्या डिस्कवर आहेत. रीसायकल बिन रिकामी केली म्हणजे गेलं, असं नसतं. फाइल कुठे आहे ही नोंद फक्त पुसली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. क्विक फॉरमॅटनेही (म्हणजे डिस्क झटपट रिकामी करण्यानेही) तेच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क घेतल्या होत्या. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं की, चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या, आणि बाकीच्यांत ५००० हून जास्त क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले.

म्हणून माझं म्हणणं, डिस्क विकूच नका. मागचा प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा. डिस्कला दोन केबली आणि चारेक स्क्रू असतील. ती काढून कपाटात ठेवा. डिस्कशिवाय विंडोज सुरू होणार नाही, पण बायोसच्या पडद्यावर (विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानावर) प्रोसेसर आणि रॅम दिसते. तेवढ्यावर समजणारा माणूस घेतो. जो म्हणेल "डिस्कसकटच पाहिजे", त्याला एक नवी, कोरी डिस्क बसवून द्या आणि किमतीत तेवढी भर घाला. झाकण उघडायची भीती वाटत असेल तर थांबा, मी आल्यावर करू. चार आठवड्यांनी काही बिघडत नाही.

आई, फोटोंची काळजी करू नकोस. ते सगळे त्याच डिस्कवर आहेत, म्हणजे ती तुझ्या साड्यांच्या खणात राहणार, बाबांच्या टेबलावर नाही.

तुमची लेक