पहिल्या दिवशी आठच किलोमीटर

साँ-जाँ-पिए-द-पोर, फ्रान्स
१२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

काल पाच दिवसांचा गणपती पोचवलात ना? माटोळीचे, गणपतीवर बांधलेल्या फळापानांच्या छताचे, फोटो मिळाले. रजा मिळाली ती नेमकी चवथ संपताना, आणि तीही सांखळीला यायचं सोडून मी स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेसाठी डोंगरात घालवतेय, म्हणून आईचा राग अजून उतरला नसणार. आई, चार नेवऱ्या माझ्या नावाच्या डब्यात राहू देत, एवढंच म्हणते. दादा या पत्राचं मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून देईल. फोनवर आत्यालाही वाचून दाखवा, नाहीतर सावंतवाडीहून तीच विचारत बसेल.

आज दुपारी बायॉनहून तासाभराच्या रेल्वेनं इथं पोचले. 'पिए द पोर' म्हणजे घाटाच्या पायथ्याशी. गाव लहानसं, खाली नदी, लालसर दगडांची जुनी घरं. यात्रेकरूंच्या कचेरीत नाव सांगितलं की घडीचं एक कार्ड मिळतं. रोजच्या मुक्कामावर त्यावर शिक्का घ्यायचा. यात्रेची खूण म्हणून शिंपला पाठपिशवीला बांधायचा. इथून यात्रेचं शेवटचं गाव, सांतियागो दे कॉम्पोस्तेला, सुमारे ७८० किलोमीटर. माझ्या रजेत एवढं बसत नाही. यंदा वाटेतल्या पाम्प्लोना शहरापर्यंतच, उरलेलं पुढच्या खेपेला.

उतरलेय त्या घराच्या दारात ताणकाटा टांगलाय. पिशवी अडकवली तर ९ किलो ४०० ग्रॅम! आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घेऊ नये असं इथं सगळे बजावतात, म्हणजे माझ्या वाट्याला साडेपाच किलो. घरमालकीण बाई बोलली नाही, नुसती काट्याकडे बघून हसली. मग खाटेवर सगळं पसरलं. जाडी पँट, स्टीलचा डबा, छत्री गेली. आईच्या मेतकुटाची काचेची बरणी गेली, मेतकूट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बसलं. आता ६ किलो ८०० आहे. आणखी कमी होत नाही, आणि मेतकुटावर मी चर्चा करणार नाही.

बाबा, तुमच्या वारीत सामान ट्रकात, जेवण दिंडीचं, मुक्काम ठरलेला. इथं मीच दिंडी, मीच चोपदार, मीच ट्रक. म्हणून हा आटापिटा.

खरा घोळ पहिल्या दिवसाचा होता. इथून डोंगरापलीकडचं, स्पेनमधलं रोन्सेस्वायेस सुमारे २५ किलोमीटर. गाव जेमतेम १७० मीटरवर आणि लेपोएदेरची खिंड १४०० मीटरच्याही वर. बहुतेक लोक एका दिवसात जातात. ऑफिसातल्या मैत्रिणीनंही गेल्या वर्षी तसंच केलं, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसमध्ये बसली. तेव्हा तुमचं ऐकतेय: पहिल्या दिवशी पायांना फक्त ओळख द्यायची. शनिवारी चढावरच्या ओरिसोंच्या मुक्कामापर्यंत आठच किलोमीटर. आठ म्हणजे काहीच नाही असं दादा म्हणेल, पण सांखळीहून थेट चोर्ला घाटालाच पाय लावल्यासारखं आहे, सुरुवातीलाच उभा चढ. ओरिसोंच्या पुढं मुक्कामाला जागा फारच कमी, म्हणून तिथली खाट जूनमध्येच सांगून ठेवली होती.

रविवारी उरलेले १७. वर उघडी कुरणं, मेंढ्या, घोडे. फ्रान्स-स्पेनच्या हद्दीवर पासपोर्ट बघायलाही कुणी नसतं. धुकं उतरलं तर वाट चुकते. नोव्हेंबर ते मार्च ही वरची वाट बंदच ठेवतात, मग वालकार्लोसच्या दरीतून खालून जायचं. शनिवारी हवा बिघडली तर मीही खालूनच जाईन, हट्ट करणार नाही. खिंडीनंतर दोन उतार आहेत. एक बीच नावाच्या झाडांच्या रानातून सरळ खाली कोसळणारा, दुसरा इबान्येताकडून वळसा घेणारा. वळसाच घेणार. गुडघे चढताना कुरकुरतात, उतरताना जातात, हे तुमचंच वाक्य.

रोन्सेस्वायेसला मठाच्या मोठ्या धर्मशाळेत जागा धरलीय. संध्याकाळी चर्चमध्ये यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, तिथं बसेन. मग सोमवारी सुबिरी, २२ किलोमीटर, शेवटचा उतार निसरड्या खडकांचा. मंगळवारी पाम्प्लोना.

शेजारच्या आंटीला एक सांगा. मी चालणार तो नवारा प्रांत म्हणजे गोंयच्या सायबाचं माहेर. फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये तिथल्या हाविएरच्या गढीत जन्मला, आणि त्याच्या वडिलांचं घराणं तर या साँ-जाँजवळच्याच हाशू गावचं. पाम्प्लोनाहून बसनं गढीला जाऊन येईन, तिच्यासाठी फोटो काढेन. नोव्हेंबरात जुन्या गोव्यात दहा वर्षांनी त्याचं शव दर्शनाला काढणार, तेव्हा रांगेत तिला दाखवायला होईल. तुम्ही विचाराल, पंढरपूर सोडून हे कसलं देवदेव? विठ्ठलाला सांगून आलेय. आषाढीला जमलं नाही, सप्टेंबरात जमलं, एवढंच.

वर रेंज नसते. रविवारी रात्रीपर्यंत फोन आला नाही तरी पोलिसांत जाऊ नका.

आणि एक फोनवर नक्की सांगा: पायाला फोड आला की सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवायचा, की ओढून काढायचा? तुम्ही दोन्ही केलेलं मी पाहिलंय.

तुमची,
बाय